साखर कुणामुळे

क्लिओपात्रा मोहल्ला, आलेक्झांड्रिया
रविवार, २८ ऑक्टोबर २०१८

गफ्फार,

काल फोन मी मुद्दाम ठेवला. तुमच्या घरी फोन करणं म्हणजे चौकात उभं राहून बोलणं. राविया स्पीकर लावते, मागे टीव्ही ओरडतो, शेजारीण भिंतीपलीकडून सलाम सांगते, आणि मला काय म्हणायचं होतं ते मीच विसरते. चाळीस वर्षं मी रजिस्टर टपालाच्या खिडकीमागे बसले. म्हणून हे पत्र रजिस्टर, पोचपावतीसह. सही तू करायची, तुझ्या बायकोने नाही.

राविया मला आनंदाने सांगते की इब्तिहाल सब्रीला हो म्हणाली. तोच सब्री, आपल्या चुलतभावाचा, हाज मितवल्लीचा मुलगा, पाण्याचे पंप विकणारा. दोन वर्षांपूर्वी तुझ्या याच मुलीने त्याला नाही म्हटलं होतं, कारण तिला इथल्या कापूस प्रतवारीच्या कचेरीत जागा मिळाली होती. बोटांनी धागा ओढून कापसाची लांबी सांगणारी मुलगी. तिच्या परीक्षकांनी मला स्वतः सांगितलं होतं की असे हात दहा वर्षांत एकदा येतात. तू आजारी पडलास म्हणून ती जागा सोडून, त्या हातांनी ती दोन वर्षं तुमच्या घरी कांदे चिरते आहे.

मी विचारलं, मन कसं बदललं? राविया म्हणते, "बापाची साखर उतरावी म्हणून, अब्ला. तिच्या हट्टानेच लागली ना त्याला. आता पोरीला कळलंय."

तेव्हापासून मी घरात येरझारा घालते आहे. सत्तावीस वर्षांची मुलगी तुला औषध म्हणून द्यायची काय, जेवणानंतर एक? तू आयुष्यभर सहकारी सोसायटीत खतांच्या पोत्यांचा हिशेब ठेवलास, तुला दोन गोष्टी एकामागून एक घडणं आणि एकीमुळे दुसरी घडणं यातला फरक कळू नये?

आमच्या ट्राम स्टेशनपाशी सरकारी तंबू लागला आहे. बोटाला टोचतात, एका पट्टीवर यकृताचा सी व्हायरस पाहतात, दुसरीवर साखर, मग दंडाला पट्टा बांधतात. पैसे घेत नाहीत. मी एकाहत्तराव्या वर्षी रांगेत उभी राहिले. सगळं स्वच्छ निघालं, फक्त रक्तदाब जास्त, आणि तो कुणाच्या फोनमुळे हे मला ठाऊक आहे. तुमच्या जिल्ह्यातही शाळाशाळांतून तपासणी चालू आहे. जा. की याही वेळी मी येऊन कान धरून नेऊ? लहानपणी बिल्हार्झियाच्या किड्यावरच्या सुया टोचायला नेलं नसतं तर आज साखर व्हायला तू उरला नसतास, हे विसरू नकोस.

इन्शिराह

*

कफ्र शहावी, दमनहूर
रविवार, ४ नोव्हेंबर

प्रिय अब्ला,

सही मीच केली. टपालवाला म्हणाला, "तुमची थोरली बहीण अजून नोकरीत आहे वाटतं."

तू रागावलीस. तू रागावणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी फोनवर आलो नाही, आंघोळीला गेलो. पण ऐकून घे. दोन वर्षांपूर्वी पोरीने नाही म्हटलं, त्या गुरुवारी मितवल्लीची माणसं चहा अर्धा टाकून उठली. सोमवारी मी संत्र्यांच्या पेट्या भरताना कोसळलो. हॉस्पिटलात साखर चारशे दहा. त्याआधी मला कधी काही नव्हतं, म्हणजे कधी कुणी मोजलंच नव्हतं. आपल्या थोरल्या आत्यालाही गोठा जळाला तेव्हाच साखर लागली, हे तूच सांगतेस. मग माझ्या बाबतीत लोक तेच म्हणाले तर त्यांचं काय चुकलं?

मी पोरीला एका शब्दाने बोललेलो नाही. तिने स्वतः आईला सांगितलं. सब्री वाईट नाही. सिगरेट ओढत नाही, बाजारात कुणाशी भांडत नाही. पैगंबरांचा मौलिद झाला की ३० तारखेच्या शुक्रवारी नमाजानंतर आमच्याकडे फातिहा वाचायची ठरली आहे. एकदा दोन्ही घरांनी फातिहा वाचली की शब्द दिल्यासारखं, हे तुला मी काय सांगू. तू ये. बदक करणार आहोत.

तपासणीला १ तारखेला जाऊन आलो. सगळं ठीक आहे. साखर तेवढी आहे, ती होतीच.

तुझा
अब्दुलगफ्फार

*

आलेक्झांड्रिया
गुरुवार, ८ नोव्हेंबर

गफ्फार,

सिगरेट ओढत नाही. घोड्याची परीक्षासुद्धा लोक याहून बारकाईने करतात.

तुला एक गोष्ट सांगते, ती नीट वाच. आमच्या इमारतीचा राखणदार अम्म शहाता. त्याला अकरा वर्षं साखर आहे. अकरा वर्षं तो बायकोला ऐकवतो की तू माहेरी रुसून गेलीस त्या महिन्यात मला ही लागली. तंबूत त्याचा सी व्हायरस निघाला. तो घाबरून जिन्यात बसून राहिला, म्हणून यकृताच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले. तिथे डॉ. फिब्रोनिया म्हणून एक मुलगी आहे, आपल्या इब्तिहालच्या वयाची, बोलते मात्र तोलून. तिने त्याचे कागद पाहिले आणि विचारलं, "आजोबा, साखर कधीपासून?"

मी मध्येच म्हटलं, साखरेचा इथे काय संबंध, हा यकृताचा दवाखाना आहे. तर ती म्हणाली, "संबंध आहे, मॅडम. हा व्हायरस वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. माणसाला काही दुखत नाही. पण यकृताला इन्सुलिनचं ऐकू येईनासं होतं. इन्सुलिन दार ठोठावत राहतं, आत कुणी उठत नाही, आणि साखर रक्तात फिरत राहते. ज्यांच्या अंगात हा असतो त्यांना साखर होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त."

"म्हणजे मनस्तापाने होत नाही?"

"मनस्तापाने असलेली साखर चढते. मुळात होते ती वेगळ्या कारणांनी. वय, वजन, आईबाप, आणि आपल्या देशात हा एक पाहुणा."

अम्म शहाताने तिथूनच बायकोला फोन लावला. म्हणाला, "ऐक, उम्म सईद, तुझ्यामुळे नव्हतं बरं का." पलीकडून तिने जे ऐकवलं ते मी नन्सच्या शाळेत शिकलेल्या हाताने लिहू शकत नाही. पण ती अकरा वर्षं गप्प होती आणि बाईला तेवढा हक्क आहे.

मला पहिल्यांदा वाटलं, हेच गफ्फारचं असणार. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू स्वच्छ आहेस. मग माझ्या हातातलं हत्यारच गेलं. तुझी साखर तुझ्या पोटामुळे आणि रावियाच्या तुपातल्या फतीरमुळे, एवढंच मला म्हणता येईल, आणि ते तिला पटणार नाही.

तपासणीनंतर शिक्का मारलेला कागद देतात. तो मला पाठव. तुझ्यावर अविश्वास आहे असं नाही. मला कागद पाहायची सवय आहे.

इन्शिराह

*

कफ्र शहावी
बुधवार, १४ नोव्हेंबर

प्रिय अब्ला,

संत्र्यांची तोड सुरू आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. कागद सापडत नाही. रावियाने बहुतेक लोणच्याच्या बरणीखाली घातला.

एक विचारायचं होतं. गिरणीवाला हनफी आहे ना, त्याचा तो व्हायरस निघाला. त्यालाही साखर आहे. तो विचारत होता की तुझ्या डॉक्टरीणबाईंना नक्की खात्री आहे का? म्हणजे व्हायरस लहानपणापासून अंगात असला आणि साखर साठीनंतर झाली, तरी तेच कारण धरायचं का? आणि व्हायरसचं औषध घेतलं तर साखर जाते का? आणि हे घरच्यांना सांगावंच लागतं का? तो विचारत होता.

घरी सगळे खुशाल. फातिहाची तयारी चालू आहे. पोर शांत आहे, काम करते.

गफ्फार

*

आलेक्झांड्रिया
शनिवार, १७ नोव्हेंबर

अब्दुलगफ्फार,

गिरणीवाला हनफी चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मातमाला मी स्वतः आले होते, तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, आणि तू तिथेही डुलक्या घेत होतास. खोटं बोलायचं तर निदान जिवंत माणूस निवडावा.

म्हणजे व्हायरस तुझा निघाला.

हे पत्र मी टपाल कचेरीच्या बाकावर बसून लिहिते आहे. घरी जाऊन टेबलाशी बसायचा धीर नाही. पायाला स्वस्थता नाही, सकाळपासून दोनदा समुद्रापर्यंत जाऊन आले. मला तुझ्या आजाराची भीती वाटत नाही. त्याला आता गोळ्या आहेत, तीन महिने, सरकार देतं. मला भीती वाटते ती तुझ्या गप्प राहण्याची. तू कुणाला घाबरलास? मितवल्लीला? त्याची माणसं तुमच्या घरच्या पेल्यातून पाणी पिणार नाहीत म्हणून? आणि तेवढ्यासाठी पोरीने त्याच्या मुलाच्या घरी आयुष्य काढायचं? ज्या साखरेची ती शिक्षा भोगते आहे, ती तिच्यामुळे नाही याचा पुरावा तू लोणच्याच्या बरणीखाली ठेवलास. लोणच्यालाही लाज वाटली असेल.

राविया अडाणी आहे म्हणून मी तिला सोडून देते. तू कसला अडाणी? तू तर पत्र वाचून प्रश्न विचारतोस, तेही मेलेल्या माणसाच्या नावाने.

मला कारण हवं आहे. पूर्ण. नाहीतर मी फातिहाच्या शुक्रवारी तिथे येते आणि बदक वाढायच्या आधी बोलते.

इन्शिराह

*

कफ्र शहावी
गुरुवार, २२ नोव्हेंबर

अब्ला,

येऊ नकोस. सांगतो.

शाळेच्या अंगणात टेबलं मांडली होती. एक मुलगी टोचत होती. पट्टीवर दुसरी रेघ उमटली तेव्हा तिने पुन्हा टोचलं, पुन्हा रेघ आली. मग तिने माझ्या ओळखपत्रावरचं जन्मसाल पाहिलं आणि म्हणाली, "काका, लहानपणी बिल्हार्झियाच्या सुया घेतल्या होत्या का? तुमच्या वयाचे बहुतेक जण तेच सांगतात. तेव्हा एकच सुई सगळ्यांना."

मी म्हणालो, नाही घेतल्या.

कालव्यात पोहणाऱ्या आम्हा सगळ्या पोरांच्या लघवीतून रक्त जायचं, अब्ला. आम्हाला वाटायचं पुरुष व्हायला लागलो. तू सुट्टीत शहरातून आलीस, सतरा वर्षांची, पांढरे मोजे घातलेली, आणि सिस्टर क्लेमांसने शिकवलेलं सगळं आईला ऐकवलंस, की हा किडा आहे, हा पोराला आतून खाईल. माझ्याबरोबरची पोरं दोन-तीन सुयांनंतर पळाली, कारण उलट्या व्हायच्या. मी मक्याच्या शेतात लपायचो. तू दर शनिवारी शोधून काढायचीस आणि कान धरून न्यायचीस. बारा शनिवार. स्पिरिटच्या शेगडीवर पत्र्याचा डबा, त्यात काचेच्या दोन सिरिंज, आणि पाण्याला उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचे, कारण रांग लांब होती. मला शोधण्यात वेळ जायचा म्हणून मी नेहमी शेवटी. माझ्याआधी आसपासच्या गावांची साठ पोरं.

तू ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतेस. मी याला कसा वाचवला म्हणून. सगळे हसतात, मीही हसतो, तू माझा कान पुन्हा धरून दाखवतेस. घरी येताना मला एकच दिसत होतं, की हे तुला कळलं तर तू ती गोष्ट पुन्हा कधी सांगणार नाहीस. म्हणून तुला 'सगळं ठीक' लिहिलं. मितवल्लीला मी घाबरत नाही. तुझ्यासाठी गप्प राहिलो.

साखरेचा संबंध मला ठाऊक नव्हता, अल्लाशपथ. तुझं अम्म शहाताचं पत्र १० तारखेला आलं तेव्हा कळला. त्यानंतरचे दिवस माझे. ते मी कुणावर ढकलत नाही.

मौलिदला सब्रीच्या घरून मिठाईचा खोका आला. तिळाच्या वड्या, हरभऱ्याच्या वड्या, आणि नवरीसाठी साखरेची बाहुली, पाठीला कागदाचे पंखे लावलेली. साखरेच्या रोग्याच्या घरी साखरेची बाई. इब्तिहालने ती फ्रिजवर ठेवली, मला दिसू नये म्हणून. मी उंच आहे, मला दिसते.

गफ्फार

*

आलेक्झांड्रिया
रविवार, २५ नोव्हेंबर

गफ्फार,

काल लिहायला बसले होते. जमलं नाही. क्लिओपात्रापासून शातबीपर्यंत चालत गेले आणि परत आले. वाटेत एका बाकावर बसले होते, तिथून एका पोलिसाने उठवलं. त्याला वाटलं माझी तब्येत बिघडली. मी त्याला झापलं, मग बरं वाटलं.

मी डॉ. फिब्रोनियाकडे जाऊन आले. रांगेत न बसता आत गेले, आयुष्यात पहिल्यांदा. तिला विचारलं, बारा सुयांतली कुठली? ती म्हणाली, ते कुणालाच सांगता येणार नाही. न्हाव्याचा वस्तरा असेल, दात काढणारा असेल. आणि साखर त्या व्हायरसमुळेच असं एका माणसाबद्दल शपथेवर सांगता येत नाही, धोका वाढतो एवढं नक्की. आणि म्हणाली, सुया दिल्या नसत्या तर किड्याने मूत्राशयाचा कॅन्सर होऊन तुमचा भाऊ चाळिशीत गेला असता कदाचित, तेव्हा दुसरं औषध नव्हतं. फार चांगली मुलगी. मला समजावत होती. मी तिला सांगितलं, मला धीर देऊ नकोस, मला माहिती दे.

ती माहिती अशी. गोळ्यांनी व्हायरस जातो, जवळजवळ प्रत्येकाचा. त्यानंतर काहींची साखर ताब्यात यायला सोपी होते, काहींची नाही. भरवसा नाही. पण यकृत वाचतं. तुझं नाव मी दमनहूरच्या केंद्रात नोंदवायला सांगितलं आहे, बुधवारी जायचं.

आता माझं. मी सतरा वर्षांची होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. जंतू म्हणजे काय हे मला चित्र काढून दाखवता येत होतं. शेगडीवरचा तो डबा मी बारा शनिवार समोर उभी राहून पाहिला, आणि पाणी उकळत नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. कारण पांढरा डगला घातलेला माणूस चुकतो असं शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. चिडायला मला उभा देश पुरतो, ते मी नंतर करेन, मला वेळ आहे.

पण तू मला वाचवायला गप्प राहिलास, हे मला नको. माझ्या नावावर हे घालू नकोस. माझ्या लाजेपेक्षा तुझ्या मुलीचं आयुष्य स्वस्त आहे असं मी तुला कधी सांगितलं होतं?

शुक्रवारच्या आत तिला सांग. सगळ्यांसमोर सांग, कारण दोष सगळ्यांसमोर दिला गेला होता. त्यांना कुणाच्या तरी माथी मारायचंच असेल तर माझं नाव दे. माझं पेन्शन सुरू आहे आणि मला मागणी घालायला कुणी येणार नाही.

मी येत नाही. हे तू करायचं.

इन्शिराह

*

कफ्र शहावी
शनिवार, १ डिसेंबर

प्रिय अब्ला,

शुक्रवारच्या आत जमलं नाही. शुक्रवारीच जमलं. तीन दिवस मी रोज सकाळी ठरवायचो आणि दुपारी बागेत जाऊन बसायचो.

सगळे मशिदीतून थेट आमच्याकडे आले. दहा-बारा पुरुष. बायका आतल्या खोलीत. हाज मितवल्लीने हात उघडून वर केले, सगळ्यांनी केले. मी माझे गुडघ्यांवर ठेवले.

"हात वर कर, गफ्फार," तो म्हणाला. "दुखतात का?"

"मला सी व्हायरस आहे," मी म्हणालो.

"बरं. फातिहा होऊ दे, मग सांग."

"आताच सांगतो. माझी साखर पोरीमुळे नाही. इतकी वर्षं हा अंगात होता, त्याने साखर ओढून आणली असेल. डॉक्टर तसं म्हणतात. पोरीवर दोन वर्षं खोटा आळ आला, आणि मी तो येऊ दिला. ती या साखरेपायी हो म्हणाली आहे. म्हणून ही फातिहा मी वाचणार नाही."

सगळ्यांचे हात अजून वरच. मग मितवल्ली म्हणाला, "व्हायरसचं काय कौतुक सांगतोस? अर्ध्या गावाला आहे. मलाही होता. दोन वर्षांपूर्वी गोळ्या खाल्ल्या, गेला."

आतल्या खोलीतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "तुम्हाला होता?"

"गप्प बस, सगळे आहेत इथे."

"मला सांगितलंत की पित्ताच्या गोळ्या आहेत."

इमामसाहेबांनी खोकला काढला. सब्री माझ्यासमोर बसला होता, नवीन कोट घालून. तो हळूच म्हणाला, "काका, म्हणजे ती माझ्यासाठी हो म्हणालीच नव्हती?"

नाही म्हणून मी मान हलवली.

"मग निदान मला तरी कुणी सांगायचं होतं," तो म्हणाला. "मी पंप विकतो, इन्सुलिन नाही." उठला, बूट घातले, आणि जाताना रावियाला म्हणाला, "मावशी, बदकाचा वास छान आहे." खरंच वाईट मुलगा नाही तो.

इब्तिहाल दारात उभी होती, लाल सरबताच्या पेल्यांचा ट्रे घेऊन. तिने तो खाली ठेवला. थेंब सांडला नाही. मला विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"व्हायरसचं १ तारखेला. साखरेचं १० तारखेला."

"आज तीस आहे," ती म्हणाली, आणि आत गेली.

राविया सगळ्यांवर ओरडली, मग रडली, मग पाहुण्यांना बदक वाढलं, कारण शिजलं होतं. रात्रीपर्यंत मला म्हणत होती, "मी तरी काय करणार? हॉस्पिटलात सगळे तेच म्हणत होते."

तुझं नाव मी घेतलं नाही. तू लिहिलं होतंस, तरी नाही. ते माझ्याकडून होणार नाही.

इब्तिहालने बॅग भरली आहे. सोमवारच्या मायक्रोबसने ती तुझ्याकडे येते. दमनहूरच्या केंद्रातून मला गोळ्या मिळाल्या, बुधवारपासून सुरू आहेत. पोर माझ्याशी बोलत नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तू तिला समजाव, अब्ला. तुझं ती ऐकते. सांग की बापाचं मन वाईट नव्हतं.

गफ्फार

*

आलेक्झांड्रिया
गुरुवार, ६ डिसेंबर

गफ्फार,

पोचली. एक बॅग आणि संत्र्यांची एक पेटी. पेटी तू दिलीस म्हणे, तिने वाटेत टाकून दिली नाही, यावर समाधान मान.

मंगळवारी कापसाच्या कचेरीत घेऊन गेले. जागा अर्थातच कधीच भरली गेली आहे. पण त्या म्हाताऱ्या परीक्षकाने तिच्यापुढे कापसाचे पाच नमुने ठेवले, नावं झाकून. तिने पाचही ओळखले. एकाबद्दल म्हणाली, "हा ओल्या गोदामात होता." तो हसला. हंगाम संपेपर्यंत रोजंदारीवर ये म्हणाला, पुढचं पुढे. पुढे काय होईल मला माहीत नाही. ती मात्र सकाळी सातलाच तयार होऊन बसते, कचेरी नवाला उघडते.

सुयांची गोष्ट मी तिला सांगितली. सगळी, शेगडीसकट. तू नाव घेतलं नाहीस म्हणून मी सुटेन असं समजू नकोस. ती ऐकत होती, माझ्याकडे बघत नव्हती, शेंगा सोलत होती. मग म्हणाली, "आत्या, तुम्ही सतरा वर्षांच्या होता. बाबा त्रेसष्ट वर्षांचे आहेत."

मी उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला बसले.

तेव्हा तिला समजावण्याचं काम मी करणार नाही. तुझं मन वाईट नव्हतं हे मी तिला का सांगू? तिला ते ठाऊक आहे. तिला दुसरं काहीतरी हवं आहे, आणि ते माझ्यापाशी नाही. पत्र लिहायला तुला येतं. या दीड महिन्यात तू मला चार लिहिलीस, त्यातलं एक तर मेलेल्या माणसाच्या वतीने. एक तिला लिही. रजिस्टर नको. तिने न वाचता ठेवलं तर ठेवू दे, सहीसाठी तिला दारात उभं करू नकोस.

गोळ्या चुकवू नकोस.

इन्शिराह

*

कफ्र शहावी
मंगळवार, ११ डिसेंबर

इब्तिहाल,

दोन वर्षांपूर्वी मी हॉस्पिटलमधून घरी आलो त्या संध्याकाळी तू माझ्या पलंगापाशी आलीस. आई बाहेर होती. तू विचारलंस, "बाबा, माझ्यामुळे झालं का?" मी भिंतीकडे वळलो आणि झोपल्यासारखं केलं.

तेव्हा मला व्हायरस ठाऊक नव्हता. तो ठाऊक असायची गरजही नव्हती. तू नाही म्हटलंस तेव्हा मी दुखावलो वगैरे नव्हतोच. मितवल्ली उठून गेला तेव्हा मला थोडं हसूच आलं होतं. तुझ्यामुळे काही झालं नाही हे मला त्या संध्याकाळीही माहीत होतं.

तरी मी गप्प राहिलो, कारण तू शहरात जाणार होतीस. 'तुझ्यामुळे नाही' असं म्हटलं असतं तर तू गेली असतीस. मला तू घरी हवी होतीस. मी तुला कोंडलं नाही, फक्त उत्तर दिलं नाही, आणि दोन वर्षं मिळाली. मग ती सवय झाली. शेवटी तू सब्रीच्या घरी, चार गल्ल्या पलीकडे राहशील, तेही मला बरंच वाटलं. आत्याला मी लिहिलं की तिच्यासाठी गप्प राहिलो. तेही खरं आहे. पण ते नंतरचं.

त्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. तुझ्यामुळे झालं नाही.

मी माफी मागत नाही, कारण मग तुला काहीतरी म्हणावं लागेल. तू या पत्राला उत्तर देऊ नकोस, दिलं नाहीस तरी मी पुढच्या आठवड्यात लिहीन.

रोज सकाळी माझं बोट तू टोचायचीस. आता मीच टोचतो. पहिल्या दिवशी तीनदा चुकलं, आईने तोंड फिरवलं. आज एकशे ब्याऐंशी आली, म्हणजे चढलेलीच. काल दिवसभर मी बागेत होतो आणि कुणीही माझ्या मनाविरुद्ध काही केलं नव्हतं.

बाबा